खाटा मोजून झाल्या, आता पहिलं वर्ष बघू

बारावीचे निकाल लागून कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या झळकू लागल्या की एक वाद आपल्याकडे मृगाच्या किड्यासारखा ठरल्या वेळी बाहेर येतो. खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारनं वसतिगृहं बांधावीत, की त्यांच्या खात्यावर पैसे टाकून मोकळं व्हावं? एक बाजू म्हणते, भत्ता ही जबाबदारी झटकण्याची युक्ती आहे. दुसरी म्हणते, सरकारी वसतिगृहं बघितलीत का कधी आत जाऊन? त्यापेक्षा पोरांच्या हातात पैसा बरा. दोघांकडे आकडे तयार असतात. इतक्या खाटा, इतके अर्ज, इतकी प्रतीक्षा यादी, इतके हप्ते थकलेले. मी चार वर्षं वसतिगृहात विद्यार्थी म्हणून काढली आणि पुढे नऊ वर्षं रेक्टर म्हणून. हा वाद ऐकताना मला दर वेळी वाटतं, हे दोघे भांडत असले तरी मोजतायत एकच वस्तू, खाट. त्या खाटेवरचं पोर कॉलेजच्या कितव्या वर्षाला आहे, हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं. पहिल्या वर्षाच्या मुलाला भत्ता देऊन शहरात सोडून देऊ नये. त्याला वसतिगृहातच जागा द्यावी. आणि ते वसतिगृह असं असावं की तिथलं राहणं कुठे संपतं आणि शिकणं कुठे सुरू होतं, हे सांगता येऊ नये. शिकवणारा एक माणूस तिथे मुक्कामाला हवा, वरच्या वर्गातली चार शहाणी मुलं हाताशी हवीत, आणि खोल्यांचं वाटप जात, जिल्हा, शाखा बघून न होता मुद्दाम सरमिसळ करून व्हावं. दुसऱ्या वर्षापासून खुशाल भत्ता द्या; तोवर पोरगं शहराला आणि कॉलेजला पुरून उरायला शिकलेलं असतं.

पहिल्याच वर्षाचा एवढा आग्रह का, याचं उत्तर मला एका मुलानं दिलं. सातपुड्याच्या पायथ्याचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, डोक्यानं चांगला. आमच्याकडे त्याला जागा मिळाली नव्हती, म्हणून पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहायचा. खोलीत आणखी तिघं, तिघंही स्पर्धा परीक्षेवाले, वयानं पाच-सहा वर्षांनी थोरले. माणसं भली होती, डब्यातली भाजी याला काढून ठेवायची. पण ती पहाटे अभ्यासिकेत जायची आणि रात्री अकराला परतायची. कॉलेजात काय चाललंय, हे याला विचारणारं कुणी नव्हतं. ऑक्टोबरात परीक्षेचे फॉर्म सुटले आणि यानं भरला नाही. प्रवेशाच्या वेळी फी भरलीच आहे, त्यात परीक्षा आलीच की, असा त्याचा समज! नोटीस त्यानं वाचली होती. तीत ‘रेग्युलर’ आणि ‘बॅकलॉग’ असे दोन रकाने होते, आणि आपण त्यातले कोण, हे त्याला कळलं नव्हतं. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा लेट फीची मुदत उलटून सुपर लेट फी लागली होती. रक्कम ऐकून तो खुर्चीवरून उठलाच.

हा मुलगा मठ्ठ होता का? मुळीच नाही. शहरातल्या सुशिक्षित घरातल्या मुलालाही या गोष्टी कुणी बसवून शिकवत नाही. थोरल्या बहिणीच्या, शेजारच्या दादाच्या बोलण्यातून त्या कानावर पडलेल्या असतात. जर्नल वेळच्या वेळी तपासून घ्यायचं असतं. प्रॅक्टिकल बुडवली तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येत नाही. सरांच्या केबिनमध्ये जाऊन शंका विचारता येते आणि ते ओरडत नाहीत. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी जग बुडत नाही. यातलं एकही वाक्य अभ्यासक्रमात नसतं. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात गेलं असेल, तर हे कानावर पडायची जागा एकच उरते. ते जिथे झोपतं, जेवतं आणि सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहतं, ती.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. आमच्या मेसच्या खाडा वहीत मला एक पान सापडलं. पुढल्या बाजूला कोण कधी गावी जाणार त्याच्या नोंदी आणि सह्या, मागल्या बाजूला पेन्सिलीनं साध्या लंबकाच्या आवर्तकालाचं सूत्र मांडलेलं. हस्ताक्षरं दोन. पहिल्याची गाडी तिसऱ्या पायरीवर अडली होती. दुसऱ्यानं तिथे काट मारून शेजारी लिहिलं होतं, ‘कोन लहान घे, मग सुटतं’. पहिलं अक्षर प्रथम वर्षाच्या मुलाचं, दुसरं तिसऱ्या वर्षातल्या एकाचं, जो मेसचा सेक्रेटरी होता. पोरं वही खराब करतात, अशी आचाऱ्याची तक्रार होती. मी ते पान फाडून ठेवून घेतलं. कॉट बेसिसच्या खोलीत खाडा वही नसते, आणि असती तरी तिच्यात हे घडलं नसतं.

आता पैशाचं. २०१६-१७ पासून आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना ती खात्यावर रक्कम देते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे, इतर मागासवर्गीयांसाठी अलीकडे सावित्रीबाईंच्या नावानं आधार योजना आली. योजना वाईट नाहीत. त्या नसत्या तर हजारो मुलं बारावीनंतर घरीच बसली असती, हे मी आधी मान्य करतो. पण स्वाधारचा हिशेब जरा मांडून बघा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, किरकोळ खर्चाचे ८,०००. राहण्याचे २०,००० म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. एवढ्यात पुण्यात खाट मिळते का, हे पेठांमधल्या कुठल्याही घरमालकाला विचारावं, तो हसून दार लावून घेईल. वाद सहसा इथेच थांबतो आणि ‘रक्कम वाढवा’ अशी मागणी येते. वाढवा, जरूर वाढवा. पण रक्कम दुप्पट केली तरी तिच्यातून खाडा वहीतलं ते दुसरं हस्ताक्षर विकत आणता येणार आहे का?

विद्यार्थ्यांनी स्वतःच हे एकदा रस्त्यावर उतरून सांगितलेलं आहे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यावर द्यायचं ठरलं, तेव्हा जुलैच्या पावसात पोरापोरींनी पुण्याहून नाशिकच्या दिशेनं पायी मोर्चा काढला. ज्यांना पैसे मिळणार होते तेच ‘पैसे नकोत, मेस हवी’ म्हणत होते. शहरी मंडळींना ते विचित्र वाटलं. रोख रक्कम म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य, मग ते नाकारायचं कशाला? पण घरी बैल आजारी असेल आणि खात्यात जेवणाचे पैसे असतील, तर अठरा वर्षांचा मुलगा कशाची निवड करतो, हे त्या मंडळींना ठाऊक नसावं. तो पैसे घरी पाठवतो आणि वडापाववर महिना काढतो.

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला, वसतिगृहांच्या अवस्थेचा. भाड्याच्या इमारती, ओल आलेल्या भिंती, आठवड्यातून चार दिवस तीच डाळ, मुलांना कैद्यासारखं वागवणारे काही गृहपाल, सगळं खरं. मुलींचा प्रश्न आणखी बिकट. वसतिगृह मिळालं तरच पोरीला शहरात पाठवीन म्हणणारे बाप मी पुष्कळ पाहिले. त्या अर्थानं मुलीला वसतिगृह म्हणजे शिक्षणच. पण त्याच वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद होतं आणि कॉलेजचं ग्रंथालय नऊपर्यंत उघडं असतं. २०१५ मध्ये दिल्लीतल्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत आवाज उठवला तो याच फाटकाविरुद्ध. राहणं आणि शिकणं एकत्र हवं असं मी म्हणतो, तेव्हा हे फाटक माझ्याच म्हणण्याच्या आड येतं. ते उघडायला हवं, यात मला शंका नाही. पण फाटक उघडता येतं. पांगून पंधरा पेठांत राहणाऱ्या पंधरा मुली एकत्र येऊन कुठल्या फाटकासमोर आवाज उठवणार?

दुसरा मुद्दा रॅगिंगचा. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या राघवन समितीनं २००७ मध्ये अहवाल दिला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरासाठी नियम काढले. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावं, असं त्यांत स्पष्ट आहे. मग वरच्या वर्गातली मुलं हाताशी हवीत असं म्हणणारा मी आगीशी खेळ करतोय का? काळजी रास्त आहे. ज्या घरांनी रॅगिंगपायी पोरं गमावली त्यांच्यासमोर सिद्धान्त झाडायची माझी छाती नाही. पण तेच नियम पुढे वाचावेत. नव्या मुलांचे छोटे गट करा, प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवा, आणि त्या प्राध्यापकानं गटातल्या प्रत्येकाशी रोज बोलून त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात, असंही तिथे लिहिलंय. रोज! आपल्या कॉलेजांनी यातलं काय उचललं? वेगळी इमारत, कुलूप, पहारेकरी आणि प्रतिज्ञापत्र. प्राध्यापकाचा भाग कागदावरच राहिला, कारण कुलूप निविदा काढून आणता येतं. परिणाम असा की पहिल्या वर्षाच्या इमारतीत शंभर मुलं असतात आणि शंभरांपैकी एकालाही परीक्षेचा फॉर्म कसा भरतात ते माहीत नसतं. नियमांना फक्त अलगपणा नको होता, सोबतही हवी होती. निवडलेले, जबाबदारी दिलेले, नाव-गाव नोंदलेले थोडे सीनियर आणि पाच पावलांवर राहणारा शिक्षक, एवढ्यानं रॅगिंगची भीती वाढत नाही. रॅगिंग वाढतं ते मोठ्यांची नजर नसलेल्या अंधारात.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, तो सरमिसळीचा. मिसळा म्हणणं सोपं. पण ज्याला मिसळायचं त्याला तिथे काय सोसावं लागतं? याला इतिहासाचा आधार आहे. १८९६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह काढलं. चालवणारे हात उच्चवर्णीय होते; थोड्याच वर्षांत तिथे ब्राह्मण मुलंच उरली. दार सगळ्यांना उघडं होतं, फक्त आत टिकणं सगळ्यांना जमणारं नव्हतं. महाराजांनी यातून धडा घेतला आणि १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी जातीधर्मवार वसतिगृहं निघत गेली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. मग शाहू महाराजांनीच सोडून दिलेली सरमिसळ आज मी कुठल्या तोंडानं मागतो?

उत्तर त्याच कोल्हापुरात आहे. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक मुलगा त्या समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. जातवार वसतिगृहांनी मुलांना छप्पर दिलं, शिक्षण दिलं, त्या काळाची ती गरजच होती. पण त्यांच्या मोरीत काय शिकवलं जात होतं, हे भाऊरावांनी अंगावर घेतलं. म्हणून १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांचं, एकाच चुलीचं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं गेलं. स्वयंपाक मुलंच करत, भांडी मुलंच घासत, आणि धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रही मोडलं. १८९६ ची सरमिसळ फसली आणि १९२४ ची टिकली, यात फरक कशाचा? पहिल्या ठिकाणी मुलं एकत्र ठेवली आणि चूल जुन्याच हातांत राहू दिली. दुसऱ्या ठिकाणी चूलच बदलली.

म्हणूनच २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावं’ अशा पाट्यांवरून जे रण माजलं, ते मला क्षुल्लक वाटलं नाही. टेबल वेगळं मागण्यात काय बिघडलं, असं पुष्कळांनी विचारलं. जैन बोर्डिंगच्या व्यवस्थापनालाही अंघोळ सांगण्यात काही बिघडलंय असं वाटलं नसणार. पहिल्या वर्षाचं पोर नव्या जागी येऊन सगळ्यात आधी काय वाचतं? पुस्तक नाही, वेळापत्रक नाही. आपण कुणाशेजारी बसायचं, ते वाचतं.

परदेशी उदाहरणांचा मला फार सोस नाही, पण दोन-तीन सांगण्यासारखी आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये एक प्रयोग मांडला. मुलं एकाच वसतिगृहात राहत, शिक्षकांच्या खोल्या त्याच इमारतीत, पहिलं वर्षभर प्राचीन अथेन्सचा अभ्यास, दुसरं वर्षभर आधुनिक अमेरिकेचा. वर्ग संपला तरी जेवणाच्या टेबलावर चर्चा चालूच. प्रयोग पाच वर्षांत, १९३२ ला, बंद पडला. ही मुलं विद्यापीठापासून तुटलेली, स्वतःत गुरफटलेली झाली, असा आरोप होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. सोबत राहण्याचं रूपांतर बेटात होऊ शकतं. मी पहिल्या वर्षापुरतंच बोलतो त्याचं हेही एक कारण: वर्ष संपलं की बेट सोडायचं. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजचं. तिथे पहिल्या वर्षाचे खोलीसोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये दाखवलं की ध्यानीमनी नसताना वाट्याला आलेल्या सोबत्याचा मुलाच्या गुणांवर परिणाम होतो. ड्यूक विद्यापीठानं २०१८ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीसोबती आपण निवडायची सोय बंद केली, कारण मुलं आधीच समाजमाध्यमांवर आपल्यासारखी मुलं शोधून जोड्या जमवून येत होती. आपल्याकडे हे काम गाववाले मामा करतात, एवढाच फरक. ‘आपल्या तालुक्याचा कुणी आहे का बघ, त्याच्याच खोलीत टाक’ असे फोन मला दर जुलैत यायचे. मामांचा राग नाही. पण मी ऐकायचो नाही.

राहता राहिला खर्च. नवी इमारत उभी राहायला वर्षं जातात आणि पोर आज दारात उभं आहे, हे अगदी खरं. म्हणून मी नवी इमारत मागतच नाही, आहे तीच वेगळी वापरा म्हणतो. शंभर खाटांचं वसतिगृह घ्या. बहुतेक ठिकाणी एकदा आत शिरलेलं मूल दरवर्षी नूतनीकरण करत पदवी होईपर्यंत खाट धरून ठेवतं. तीन वर्षांची पदवी धरली तर दरसाल तेहेतीस-चौतीसच नवी मुलं आत येतात, बाकीची भत्त्यावर. आता नव्वद खाटा पहिल्या वर्षाला राखा, दहा निवडक सीनियर मुलांना ठेवा. त्याच इमारतीत, त्याच पैशात, तेहेतीसऐवजी नव्वद मुलांचं पहिलं वर्ष सावरलं. दुसऱ्या वर्षी बाहेर पडणारी मुलं ओरडतील, भत्ता वेळेवर येत नाही म्हणतील. ती ओरड खरी असेल. पण उशिरा आलेल्या हप्त्याशी झगडायला एकोणीस वर्षांचा, शहर ओळखणारा मुलगा अधिक समर्थ, की ट्रंक घेऊन एसटीतून काल उतरलेला?

खरी अडचण शिक्षकाची आहे. आमच्या वेळचे सर वसतिगृहात राहत, कारण त्यांना दुसरं घर परवडत नव्हतं. आजच्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा फ्लॅट आहे, कर्जाचे हप्ते आहेत, बायकोची नोकरी दुसऱ्या टोकाला आहे. तो मुलांत येऊन राहणार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पण ज्यांच्या जिवावर आपली कॉलेजं चालतात ते तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक? तासाला पैसे, सुट्टीत शून्य, आणि स्वतःच कुठेतरी कॉट बेसिसवर. त्यांतल्या एकेकाला वसतिगृहात दोन खोल्या, जेवण आणि रीतसर मानधन दिलं तर दोन बाजूंचा प्रश्न सुटतो. गरजवंताला फुकट राबवायची ही आणखी एक वाट होईल, हा धोका मला दिसतो. म्हणून ‘रीतसर मानधन’ हे शब्द शासन निर्णयात आधी यावेत, खोल्या नंतर.

खोल्यांचा तर प्रश्नच नाही. आमच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर रेक्टरसाठी दोन खोल्या होत्या. मी सोडल्यावर तिथे कुणी राहायला आलं नाही. गेल्या वर्षी सहज डोकावलो, तर दाराला कुलूप. खिडकीच्या फुटक्या काचेतून मोडक्या खाटा एकावर एक रचलेल्या दिसल्या, पंधरा तरी असतील. पहारेकरी जुना, ओळखीचा. म्हणाला, सर, या भंगारात काढता येत नाहीत, वसतिगृहाच्या क्षमतेत मोजल्यात.